कॉलेजची यादी लावताना रँकिंग कुठे कामाचं, कुठे नाही: बारावीनंतरच्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

रँकिंगची यादी मोबाईलवर उघडायची आणि पहिल्या नंबरापासून खाली एकेक कॉलेज ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे प्रवेशाच्या पसंतीयादीत, टाकत जायचं, ही फॉर्म भरण्याची सगळ्यात वाईट रीत आहे. आपल्या विदर्भातल्या तालुक्यांच्या सायबर कॅफेत नेमकी तीच सगळ्यात जास्त चालते. मग ऑगस्टमध्ये कळतं की फी झेपत नाही, शाखा नको ती मिळाली, किंवा ज्या सवलतीच्या भरवशावर होतो तिचा दाखलाच मुदतीत निघाला नाही.

हे सगळं मुख्यतः सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) देऊन कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांसाठी आहे. फार्मसीवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. बीए, बीएस्सी, बीकॉमचं थोडक्यात शेवटी. टप्प्यांचा क्रम मोडू नका: कागद, पैसा, कट-ऑफ (शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला ते), आकडे, मान्यता, प्रत्यक्ष भेट. रँक येते ती त्यानंतर.

टप्पा १: कागद आधी, कॉलेज नंतर

कोणतं कॉलेज मिळू शकतं हे पर्सेंटाइलइतकंच तुमच्या फायलीतल्या दाखल्यांवर ठरतं. ओबीसी पोराकडे नॉन-क्रिमिलेअर (घर उन्नत गटात मोडत नाही याचा दाखला) नसेल तर त्याची गणती खुल्या प्रवर्गात होते आणि वर्षभर पाहून ठेवलेली कट-ऑफ कामाची राहत नाही.

निकालाची वाट न पाहता ही फाईल लावा:

- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेला महिने लागतात. अकरावीतच अर्ज करा, कॉलेजमार्फत.
- नॉन-क्रिमिलेअर. प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी भावासाठी काढताना सोबत काढलेलं चालेलच असं नाही, तारीख वाचा.
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. सर्वसाधारण गटातल्यांनी ईडब्ल्यूएसचाही (आर्थिक दुर्बल घटकाचा).
- अधिवास दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका.
- पोराच्या किंवा पोरीच्या स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खातं. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे तिथेच येतात.

तपासा: आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक पासबुक तिन्ही शेजारी ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा. एकात वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यात नुसतं आद्याक्षर, असं निघालं तर आत्ताच दुरुस्त करा. जुलैत सेतूसमोरची रांग पाहिली असेल तर कारण सांगायला नको.

टप्पा २: चार वर्षांचा हिशेब, एका पानावर

आपल्याकडचा खरा पेच असा की फीची तारीख पेरणीच्या तोंडावर येते आणि कापूस घरात येतो दिवाळीच्या आसपास. कॉलेज कितीही नावाजलेलं असो, जुलै-ऑगस्टमध्ये हातात किती रोख राहील हा आकडा आधी घरात ठरवा.

मग प्रत्येक कॉलेजसाठी एक पान करा.

पहिली ओळ, अधिकृत फी. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार टाकतं. माहितीपत्रकातला किंवा एजंटने सांगितलेला आकडा धरू नका. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळं लिहा, कारण सवलत बहुतेक वेळा पहिल्यावर मिळते, दुसरं खिशातून जातं.

दुसरी ओळ, सवलत. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर मुख्यतः सर्वसाधारण गटासाठीच्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क सुटतं. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला आहे: ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही माफी लागू नाही. जाहिरातीत 'विद्यापीठ' हा शब्द मोठ्ठा दिसला की तिथेच थांबून हे विचारा. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप (फीमाफी) वेगळी आहे.

ट्यूशन फी माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, जागा अनेकांच्या नजरेतून सुटतात. उत्पन्नाची अट तीच, ८ लाख. या जागांना वेगळा चॉइस कोड (फॉर्ममध्ये टाकायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) असतो, शेवटी इंग्रजी 'टी' लागलेला. साधा कोड टाकला म्हणजे टीएफडब्ल्यूएसही आलं, असं होत नाही. दोन्ही कोड स्वतंत्र टाकावे लागतात.

तिसरी ओळ, राहणं-खाणं-जाणं-येणं. वर्धा किंवा तुमसरच्या पोराला नागपूरला रेल्वेच्या पासवर रोज जाता येईल. सिरोंचा किंवा भामरागडच्या पोराला खोली घ्यावीच लागते, मग ती नागपुरात घेतली काय अन् अमरावतीत घेतली काय. म्हणून 'जवळचं कॉलेज स्वस्त' हे प्रत्येक घराला लागू नाही. सरकारी वसतिगृह मिळालं तर गणितच बदलतं. वसतिगृह न मिळाल्यास अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. यातलं तुम्हाला काय लागू होतं ते प्रवेशाआधी पाहा. पण ही रक्कम हिशेबात 'आली तर आली' म्हणूनच धरा, वेळेवर येईल या भरवशावर मेसचा पहिला महिना काढू नका.

सावधान: मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की यातल्या बहुतेक सवलतींवर पाणी सोडावं लागतं. 'सीट पक्की करून देतो' म्हणणारा हे कधी सांगत नाही.

विचारा, आणि लेखी घ्या: 'पूर्ण फी आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ' असं काही कॉलेजं म्हणतात. परत कधी, हप्ते किती, नोव्हेंबरपर्यंत थांबाल का? कार्यालयातल्या बाबूने तोंडी 'होऊन जाते भाऊ' म्हटलं तर तो होकार धरू नका.

टप्पा ३: कट-ऑफचा तक्ता नीट वाचा

सीईटी सेलच्या गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या पीडीएफ उतरवून घ्या, प्रत्येक फेरीची वेगळी असते. तक्त्यात प्रत्येक शाखेखाली कोडांची रांग दिसेल आणि त्याखाली गुणवत्ता क्रमांक व कंसात पर्सेंटाइल. कोडाचं पहिलं अक्षर 'जी' असेल तर सर्वसाधारण जागा, 'एल' असेल तर मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटच्या अक्षराकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही: 'एच' म्हणजे होम विद्यापीठातल्यांसाठी, 'ओ' म्हणजे त्याबाहेरच्यांसाठी, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय.

होम विद्यापीठ तुमच्या गावावरून ठरत नाही, बारावी कुठून झाली त्यावरून ठरतं. दारव्हा किंवा आर्णीचं पोरगं तिथेच बारावी झालं तर ते अमरावती विद्यापीठाच्या हद्दीतलं. नागपुरातल्या कॉलेजचा तक्ता त्याने 'ओ'च्या रकान्यात वाचायचा. वणीच्या पोराने क्लासच्या नादात लातूरहून बारावी केली असेल, तर त्याचं होम विद्यापीठ नांदेडचं धरलं जातं. आई-बाप वणीतच राहतात, शेत वणीतच आहे, याने काही फरक पडत नाही. या एका गोष्टीपायी दरवर्षी कितीतरी याद्या चुकतात.

आता कच्ची यादी करा, तीन गटांत: तुमच्या पर्सेंटाइलपेक्षा कट-ऑफ थोडी वर असलेली, जवळपास असलेली, आणि बऱ्यापैकी खाली असलेली. टप्पा २ मध्ये जे बसत नाही ते आत्ताच काढा.

नेहमीच्या चुका:
- शेवटच्या फेरीची कट-ऑफ पाहून पहिल्या फेरीची आशा धरणे.
- कॉलेजची एकच कट-ऑफ असते असं समजणे. कॉम्प्युटर आणि सिव्हिल यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं.
- व्हीएनआयटी किंवा नागपूरची ट्रिपल आयटी सीईटीच्या यादीत शोधत बसणे. तिथे जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा लागते, प्रवेशाची वाट वेगळी.
- अमरावती आणि चंद्रपूरची शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं 'लहान गावातली' म्हणून न टाकणे, आणि त्याच कट-ऑफला पुण्याच्या कडेला कुठल्या तरी नव्या कॉलेजात जाणे. हे मला आजवर समजलेलं नाही.

टप्पा ४: रँकच्या आकड्याखाली काय आहे ते काढा

केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून येते. अभियांत्रिकीच्या यादीत गुणांची वाटणी अशी: शिकवणं आणि साधनं ३०, संशोधन ३०, पदवीनंतरचं फलित २०, समावेशकता १०, लोकांच्या मनातली प्रतिमा १०. या २० गुणांच्या फलितातही विद्यापीठ परीक्षेचा निकाल आणि किती जणांनी पीएचडी पूर्ण केली हे मोजलं जातं. प्लेसमेंट, पुढचं शिक्षण आणि मधला पगार यांच्या वाट्याला १०० पैकी १३ गुण उरतात. तुम्ही नोकरीसाठी कॉलेज निवडत असाल तर रँकच्या बाकीच्या ८७ गुणांत तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर नाही.

तरीही ही क्रमवारी टाकाऊ नाही. तिच्यासाठी कॉलेजांना माहिती भरून द्यावी लागते आणि ती पीडीएफ जाहीर करावी लागते. रँक न मिळालेल्या पण भाग घेतलेल्या कॉलेजांची पीडीएफ त्यांच्याच संकेतस्थळावर, बहुधा तळाशी कुठेतरी 'एनआयआरएफ' नावाच्या दुव्यात सापडते. खरा माल तिथे आहे.

ती उघडा आणि चार वर्षांच्या पदवीचा तक्ता शोधा. पाच आकडे वहीत उतरवा: त्या तुकडीत प्रवेश घेतलेले, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेले, ठरलेल्या मुदतीत पास झालेले, नोकरी लागलेले, आणि मधला पगार. पुढच्या शिक्षणाला गेलेल्यांचा आकडाही शेजारीच असतो.

समजा प्रवेश ३००, मुदतीत पास १९०, नोकरी ११०. कॉलेज म्हणेल ५८ टक्के प्लेसमेंट, आणि खोटं बोलणार नाही, कारण त्याने ११० ला १९० ने भागलं. तुम्ही ३०० ने भागा, ३७ टक्क्यांच्या आत येतं. थेट दुसऱ्या वर्षात आलेले मिळवले तर आणखी खाली. तुमचं पोरगं प्रवेश घेणाऱ्या ३०० मधलं आहे, पास झालेल्या १९० मधलं अजून व्हायचं आहे.

मधला पगार म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधे येणारा. फ्लेक्सवर फोटोसकट झळकतं ते सर्वांत मोठं पॅकेज, एका पोराचं. त्याचा तुमच्या यादीशी संबंध नाही.

आता त्याच पीडीएफच्या शेवटी जा. तिथे शिक्षकांची यादी असते: नाव, पात्रता, अनुभव, रुजू झाल्याची तारीख, नेमणूक नियमित की कंत्राटी. निम्म्याहून जास्त लोक गेल्या वर्षभरातच रुजू झालेले दिसले तर खूण करून ठेवा. भेटीत हाच प्रश्न विचारायचा आहे.

मर्यादा लक्षात ठेवा: ही माहिती कॉलेजने स्वतः भरलेली असते आणि बहुधा पूर्ण संस्थेची असते, शाखेची नव्हे. शिवाय ती जुनी असते. २०२५ ची क्रमवारी ४ सप्टेंबरला जाहीर झाली, तोवर कॅपच्या पहिल्या फेऱ्या उरकल्या होत्या. प्रवेशाच्या वेळी तुमच्या हातात असते ती आदल्या वर्षीची यादी, त्यातले आकडे त्याहून आधीचे.

रँक खरंच कामी येते अशी एक जागा: शैक्षणिक कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत कोणत्या संस्था बसतात हे मुख्यतः एनआयआरएफवरून ठरतं. बसलेल्या संस्थेसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळू शकतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत न घेणाऱ्या घरांसाठी १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. शेत गहाण ठेवायची वेळ येणार असेल तर आधी ही संस्थांची यादी पाहा.

आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत किंवा मासिकात येणारी खासगी रँकिंग? त्याच अंकात त्याच कॉलेजची पानभर जाहिरात आहे का, तेवढं पाहा.

टप्पा ५: मान्यता आणि श्रेणी

इथे फार वेळ लागत नाही, पण सोडू नका. एआयसीटीईचं (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेचं) चालू वर्षाचं मान्यतापत्र पाहा, त्यात शाखावार जागा लिहिलेल्या असतात. नॅक ही दर्जा तपासणारी संस्था. तिची श्रेणी पूर्ण संस्थेला मिळते, ए++ पासून सीपर्यंत, आणि साधारण पाच वर्षं टिकते. फाटकावर 'ए' रंगवलेलं असतं, मुदत संपलेली असते. प्रमाणपत्रावरची तारीख मागा. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या एका पाहणी पथकातल्या सदस्यांना सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली होती, तेव्हा एका अक्षरावर सगळा भार टाकू नका. एनबीए हे दुसरं दर्जा-मानांकन मात्र शाखेला मिळतं, संस्थेला नाही. तुमच्या शाखेला आहे का, एवढंच विचारा.

यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) बोगस विद्यापीठांची यादी एकदा चाळा. तिच्यात नागपुरातलंही एक नाव आहे.

टप्पा ६: कामाच्या दिवशी जाऊन या

यादी पाच-सहा कॉलेजांवर आली की जा. रविवारी नको, 'ओपन डे'लाही नको. साध्या मंगळवारी-बुधवारी, अकराच्या सुमारास, वर्ग भरायला हवेत अशा वेळी. सुट्ट्या सुरू असतील तर परीक्षेच्या काळात आलेली पोरं तरी भेटतील.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना चहाच्या टपरीवर गाठा. बाहेर मोकळं बोलतात. विचारा: प्रॅक्टिकल खरंच होतं की जर्नल उतरवून घेतात? गेल्या सेमिस्टरमध्ये किती शिक्षक बदलले? कंपन्या कॉलेजात येतात की पोरांना बसमध्ये भरून दुसरीकडे नेतात? शिष्यवृत्तीचा अर्ज कार्यालय वेळेत पुढे पाठवतं का? हा शेवटचा प्रश्न शहरातले लोक विचारत नाहीत, आपल्यासाठी तो प्लेसमेंटइतका मोठा आहे. कॉलेजच्या लॉगिनवर महिनोन्महिने पडून राहिलेल्या अर्जांपायी फी मागे लागते.

प्रयोगशाळेत यंत्रावर हात फिरवून पाहा. धुळीचा थर बोटाला लागला तर माहितीपत्रकातला 'अत्याधुनिक' हा शब्द खोडून टाका.

मुलगी असेल तर वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं, शेवटची एसटी किती वाजता सुटते आणि स्टँडपासून कॉलेज किती लांब आहे, हे स्वतः चालून पाहा. ऐकीव माहितीवर नको.

टप्पा ७: घरातली बैठक

आता वाद होणार. पुण्याचे काका म्हणणार पुणंच. शेजारचा म्हणणार, 'थो क्यालेज तं एक नंबर हाय म्हनते.' वाद टाळू नका, पण पानं समोर ठेवून करा. जो कोणी कॉलेज सुचवेल त्याच्याकडून तीन उत्तरं घ्या: कोणत्या यादीत एक नंबर, कोणत्या वर्षीचा, आणि कोणत्या शाखेसाठी? तिन्ही आली तर त्याचं कॉलेज यादीत घ्या आणि त्याचंही पान भरा.

पुण्याच्या बाजूनेही खरं बोलणं आहे. तिथे कंपन्या जास्त, इंटर्नशिप जवळ, सोबतच्या पोरांकडून शिकायला मिळतं. हा फायदा वरच्या कॉलेजात मिळतो. पर्सेंटाइल कमी असताना केवळ शहरासाठी खालच्या कॉलेजात गेलात तर भाडं पुण्याचं भराल आणि वर्ग मात्र रिकामा असेल.

शाखा की कॉलेज, हा दुसरा वाद. माझं मत: पोराला शाखेची खरी ओढ असेल तर शाखा. ओढ नसेल, नुसतं 'कॉम्प्युटरला स्कोप आहे' एवढंच असेल, तर चांगल्या कॉलेजातली दुसरी शाखा घ्या. निर्णयाच्या वेळी पोरगं खोलीत हवं. बरेचदा त्याला चहा आणायला पाठवलेलं असतं.

रँक इथे वापरा: दोन कॉलेजांचा खर्च, कट-ऑफ, निकाल आणि भेटीतलं मत सारखंच निघालं, तर वरच्या रँकचं वर ठेवा. ४० आणि ९० यांतला फरक खरा असू शकतो. पहिल्या शंभरानंतर तर एनआयआरएफ स्वतःच १०१ ते १५० असा गटच देते, त्या गटातल्या दोघांत वर-खाली करत बसू नका.

टप्पा ८: ऑप्शन फॉर्म

पसंतीच्या क्रमाने भरा, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने नाही. वर टाकलेलं अवघड कॉलेज न मिळाल्याने खालच्या कॉलेजची संधी कमी होत नाही. उलट 'आधी पक्कं टाकू' म्हणून सुरक्षित कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि पहिल्या फेरीत तेच मिळालं, तर ती जागा आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. पुढच्या फेऱ्यांत किती पसंत्यांना हा नियम लागतो ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा, गेल्या वर्षीच्या यूट्यूब व्हिडिओत नको.

भरल्यावर लगेच तपासा:
- प्रत्येक चॉइस कोड पीडीएफशी जुळवा. एकाच नावाची दोन-दोन कॉलेजं आहेत.
- टीएफडब्ल्यूएसचे कोड वेगळे आलेत का?
- जे मिळालं तरी जाणार नाही असं एकही कॉलेज यादीत राहिलं नाही ना?
- फॉर्म नुसता सेव्ह झाला की कन्फर्म झाला? कन्फर्म न केलेला फॉर्म धरला जात नाही.
- पासवर्ड आणि ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आहेत ना? कॅफेवाल्याचा नंबर टाकू देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.

बीए, बीएस्सी, बीकॉमवाल्यांसाठी

इथे रँकिंग जवळजवळ विसरा. तालुक्यातली बहुतेक कॉलेजं कोणत्याच यादीत दिसत नाहीत, त्यावरून ती वाईट ठरत नाहीत. तीनच गोष्टी पाहा. तुमची तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, कारण एकाच इमारतीत फीचा फरक मोठा असतो. तुमच्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहे की तासिका तत्त्वावरचा, आणि तो कोणत्या महिन्यात नेमला जातो. आणि ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं, कारण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं पोरगं तिथेच बसणार आहे. 'हजेरीची काही गरज नाही' असं प्रवेशाच्या खिडकीवरच कोणी सांगितलं, तर त्या कॉलेजात शिकवण्याचीही गरज वाटत नाही हे ओळखा.

प्रवेश झाल्यावर

मूळ कागद तपासून लगेच परत घ्या. पोरगं कॉलेज सोडून जाऊ नये म्हणून मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीने २०१८ मध्येच मनाई केली आहे. जिथे मूळ दाखला द्यावाच लागतो तिथे पोच घ्या. आणि महाडीबीटीचा अर्ज त्याच आठवड्यात भरा, पेरणी-डवरणी आटोपल्यावर नाही.